वरच्याशी अबोला

माझे कोथरूडचे घरमालक आता नाहीत. त्यांचा बंगलाही नाही. तिथे हल्ली एक उंच इमारत उभी आहे आणि तिच्या दारातला वॉचमन मला रोज नव्याने विचारतो, कोणाकडे जायचंय. कोणाकडेच नाही म्हटलं की संशयाने बघतो. त्याचं बरोबर आहे. त्या रस्त्याने जाताना माझी स्कूटर आपोआप हळू होते, हे त्याला काय सांगणार?

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, स्वयंपाकघरात काय शिजवणार ते विचारलं नाही, लग्न कधी करणार तेही विचारलं नाही. कोथरूडमध्ये एकट्या बाईला खोली देताना हे प्रश्न चहाच्या आधी येतात. पांढरा शर्ट, घरातसुद्धा टाय, उजव्या कानात श्रवणयंत्र, अशा वेशात ते भिंतीवरच्या क्रूसाखाली खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांनी एकच विचारलं.

"निरोप नीट पोचवता का तुम्ही?"

"कोणाचा?"

"कोणाचाही. आपल्या पदरचं काही न घालता."

"पोचवते."

"मग सामान आणा."

दूधवाला, कुरियर, इस्त्रीवाला यांच्याबद्दल असेल, असं मला वाटलं. मी एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होते. नारायण पेठेत माझं घर होतं, घरात वडील होते. पण आई गेल्यावर आम्ही दोघं दिवसभर एकमेकांच्या चुका काढत बसायचो आणि त्यात दोघांचाही वेळ जायचा. म्हणून ही वरच्या मजल्यावरची खोली.

पहिल्याच रविवारी काकांनी, म्हणजे घरमालकांनी, मला जेवायला बोलावलं. स्वतःसाठी मटण केलं होतं, माझ्यासाठी वांग्याचं भरीत. ताटं वाढून झाली. हात पुसत ते बसले आणि म्हणाले, "बाई, वर सांगा, आम्ही जेवायला बसतोय."

"वर तर मीच राहते, काका."

"त्याच्याही वर."

त्याच्या वर गच्ची होती आणि गच्चीवर पाण्याची टाकी. मी तसं म्हणाले.

"परमेश्वराला सांगा," ते म्हणाले. "आमचा अबोला आहे."

मला हसू आलं होतं, पण ते हसत नव्हते. ताटातलं मटण निवत होतं आणि ते वाट बघत होते. मी म्हणाले, "काका, मी ख्रिस्ती नाही. खरं तर मी देवच मानत नाही."

"उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे तुमचं त्याच्याशी काही वाकडं नाही. निरोप देणाऱ्याचं भांडण नसावं."

"पण बघू कुठे? वर?"

"कुठेही बघा. तो सगळीकडे आहे. तेच तर आहे ना. घरातच राहतो आणि बोलत नाही."

मी भरताकडे बघून म्हणाले, "काका जेवायला बसताहेत." त्यांनी मान हलवली आणि पहिला घास घेतला. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं.

निरोप साधे असायचे. "सांगा, गुडघा दुखतोय. मागणं नाही, माहिती म्हणून." किंवा, "शेजारच्यांच्या मुलीला नोकरी लागली, ते बरं झालं म्हणावं. आभार म्हणू नका. 'बरं झालं' इतकंच." एकदा मी चुकून आभार म्हणाले, तर त्यांनी मला तो निरोप परत घ्यायला लावला. निरोप परत कसा घेतात ते मला माहीत नव्हतं. "मघाचं राहू दे," असं मी पंख्याकडे बघून म्हटलं. ते चाललं त्यांना.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानादुकानांतले काटे तपासण्यात गेली होती आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती. खिशात पितळेचं एक वजन असायचं. भाजीवालीच्या काट्यावर आधी ते ठेवायचे, काटा बघायचे, वजन रुमालाने पुसून खिशात ठेवायचे आणि मग दोडक्याचा भाव विचारायचे. आमच्या चौकातल्या भाजीवाल्या त्यांना बघितलं की काटा आधीच पुसून ठेवत. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर चालायचा नाही. "अंदाजे पाच मिनिटांत येते," असं मी फोनवर कोणाला म्हणाले, तर फोन ठेवेपर्यंत ते माझ्याकडे दयेने बघत राहिले.

अबोल्याचं कारण त्यांनी मला एका दुपारी लसूण सोलताना सांगितलं, एखाद्या दुकानाचा तपासणी अहवाल सांगावा तसं.

काकू नर्स होत्या. काका त्यांचा उल्लेख 'मिसेस' असा करायचे. पोटाचा आजार झाला, वाढला, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं.

"मी रोज प्रार्थना केली," काका म्हणाले. "मोजूनमापून केली. बरं कर, असं म्हणालो नाही. परिस्थिती मला दिसत होती. नाताळपर्यंत ठेव म्हणालो. तेही जमणार नसेल तर तसं सांग म्हणालो, म्हणजे मी त्या तयारीला लागतो. एका सकाळी त्यांच्या शेजारी बसलो, हात हातात घेतला, डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा त्या नव्हत्या."

ते लसूण सोलत राहिले.

"नेलं म्हणून राग नाही, बाई. माणूस मर्त्य आहे, हे मला शाळेपासून पाठ आहे. पण मी डोळे मिटलेले असताना नेलं. मी त्याच्याशीच बोलत होतो. गिऱ्हाइकाची नजर वळली की दुकानदार काटा मारतो ना, तसं झालं हे. मी अशा लोकांवर खटले भरलेत."

तेव्हापासून प्रार्थनेच्या वेळी ते डोळे मिटत नसत. "रात्री मिटतो," ते म्हणाले. "झोपेत मी त्याच्याशी बोलत नसतो."

"आणि हा अबोला संपणार कधी?"

"त्यानं बोलायचं आधी." मग सोललेली पाकळी वाटीत टाकत म्हणाले, "आमच्या घरातही अबोले पुष्कळ झाले. दर वेळी सुरुवात मिसेसनी केली. पानात मीठ वाढताना काहीतरी बोलून टाकायच्या. मला ती सवयच नाही."

अबोला होता, पण चर्च चुकलं नाही. "घरात अबोला असला म्हणून माणूस जेवायला हॉटेलात जात नाही," असं त्यांचं म्हणणं. मी दर रविवारी त्यांना स्कूटरवरून सोडायची आणि परत आणायचं म्हणून मागे बसून राहायची. टायवर हेल्मेट घालून ते मागे बसायचे आणि प्रत्येक सिग्नलला मला रंग सांगायचे. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे. सगळे उठले की उठायचे, बसले की बसायचे. गाणी म्हणायचे नाहीत. श्रवणयंत्रात मात्र रविवारी सकाळी नवी बॅटरी घालायचे. आदल्या आठवड्याची चांगली चाललेली बॅटरी ते काढून ठेवत असताना मी एकदा विचारलं, कशाला?

"तो बोलला आणि मला ऐकू आलं नाही, असं व्हायला नको. नंतर म्हणेल, मी तर बोललो होतो."

एकदा प्रवचन ऐन रंगात असताना त्यांनी हात वर केला. तिथले पाळकसाहेब तरुण होते, नगरकडचे, भिडस्त. ते वाक्याच्या मध्येच थांबले. काकांनी दुसरा हात कानाशी नेला आणि डोळे छताला लावले. सगळं चर्च गप्प झालं. मागच्या बाकावरचं एक बाळ रडत होतं, तेही थांबलं. माझ्यासारखीच्या अंगावर काटा आला, यावरून बाकीच्यांचं काय झालं असेल ते समजा. मग बाहेरून आवाज स्पष्ट ऐकू आला. भंगारवाल्याची हातगाडी होती. तिच्यावरच्या कर्ण्यातून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज जुने फ्रिज, जुने पंखे, बंद पडलेले मिक्सर मागत होता.

काकांनी हात खाली घेतला. "आपल्यासाठी नव्हतं," ते पाळकसाहेबांना म्हणाले. "चालू द्या."

त्या आठवड्यातच पाळकसाहेब घरी आले. मी चहा आणि नानकटाई ठेवली. त्यांनी फार जपून विषय काढला.

"काका, विश्वासात काही अडचण वाटते का?"

"अजिबात नाही. अबोला आहे."

"म्हणजे आपण त्याला मानता?"

"पाळकसाहेब, जो नाहीच त्याच्याशी अबोला धरायला मला वेड लागलंय का?"

पाळकसाहेबांना हे पटल्यासारखं दिसलं आणि पटलं म्हणून ते जास्तच गोंधळले. "तरी थोडं बोलून बघावं," ते म्हणाले.

"निरोप जातो ना रोज." काकांनी माझ्याकडे बोट केलं.

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "आपण कोणत्या चर्चच्या?"

"कोणत्याच नाही. मी देव मानत नाही."

त्यांनी हातातली नानकटाई बशीत परत ठेवली. "मग आपण सांगता काय?"

"काका सांगतात ते. पदरचं काही घालत नाही."

शेवटी त्यांनी डोळे मिटून आम्हा दोघांसाठी प्रार्थना केली. काका पुढे वाकून त्यांच्या तोंडाकडे लक्षपूर्वक बघत राहिले. पाळकसाहेबांनी डोळे उघडले, तर समोर वीतभर अंतरावर काकांचे डोळे. ते खुर्चीसकट मागे सरकले. जाताना मात्र फाटकापाशी मला हळूच म्हणाले, "ताई, निरोप चालू ठेवा."

हे असंच चालू राहिलं असतं. माझे वडील आले आणि बिघडलं.

बाबा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. देव नाही, हे त्यांना गुरुत्वाकर्षणाइतकं नक्की ठाऊक होतं आणि तितक्याच शांतपणे ते सांगायचे. मी कशी राहते ते बघायला आले, काकांनी त्यांना खाली बसवलं, आणि दोघांची गट्टी जमायला लागली. दोघांनाही अंदाज आवडत नसे. मग अबोल्याचा विषय निघाला. काकांनी सगळं सविस्तर सांगितलं.

"अबोला धरायला समोर कोणीतरी लागतं," बाबा म्हणाले.

"आहे ना."

"कशावरून?"

"बोलत नाही, यावरूनच."

"नसलेला माणूसही बोलत नाही," बाबा म्हणाले आणि नानकटाई चहात बुडवली.

काकांनी खिशातलं पितळेचं वजन काढलं, रुमालाने पुसलं आणि परत ठेवलं. बाबा खुशीत परत गेले.

पुढच्या दिवसांत निरोप कमी होत गेले. मी विचारायची, "आज काय सांगू?" काका म्हणायचे, "काही नाही." मग जेवायला बसतानाचा निरोपही बंद झाला. एका रविवारी मी हेल्मेट घेऊन खाली आले तर ते बनियनवर बसलेले. त्यांना टायशिवाय मी कधी पाहिलंच नव्हतं. मला क्षणभर वाटलं, यांचे कोणी भाऊ आलेत.

"आज नाही जायचं," ते म्हणाले. "बाई, तुमच्या वडिलांचा प्रश्न वाईट आहे. मी जन्मभर तराजू तपासले. दोन्ही पारडी रिकामी असली की काटा मध्ये उभा राहतो. दोन्हीकडे सारखं वजन असलं, तरी मध्येच उभा राहतो. नुसता काटा बघून सांगता येत नाही. पारड्यात डोकवावं लागतं. आणि तिथे काही माझी नजर पोचत नाही."

मी हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"तो नसेल तर अबोला गेला, ठीक आहे," ते म्हणाले. "पण मग मिसेस कुठे आहेत?"

खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. एक भला माणूस माझ्या बाजूला येत होता. पण त्या दुपारी ताटं वाढली, ते न बोलता भात कालवायला लागले, आणि मला घास उचलवेना. मी समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "काका जेवायला बसलेत. भरीत आज तिखट झालंय."

त्यांनी मान वर केली. "मी सांगितलं नव्हतं."

"हा निरोप माझा होता."

"तुम्ही तर मानत नाही."

"नाही मानत."

त्यांनी माझ्या पानातलं भरीत चाखून बघितलं. मग म्हणाले, "भरीत तिखट नाही. खोटं सांगू नका त्याला."

संध्याकाळी मी बाबांना फोन करून जे काही बोलायचं ते बोलले. दुसऱ्या दिवशी ते मेट्रोने आले. पुण्यातला माणूस माफी मागायला येतो तेव्हा आधी आपला मुद्दा बरोबर होता हे सांगतो. त्यांनीही सांगितलं.

"माझा मुद्दा बरोबरच आहे."

"आहेच," काका म्हणाले.

"हिनं मला काल फोनवर झापलं, म्हणून आलोय असं समजू नका."

"नाही समजत."

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "मी रोज घरातून निघताना हिच्या आईला सांगून निघतो. 'येतो गं' म्हणतो. कुलूप लावायच्या आधी."

मला हे माहीत नव्हतं.

"मी भौतिकशास्त्र शिकवलंय," बाबा म्हणाले. "तिला ऐकू जात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून काय न सांगता घराबाहेर पडू?"

"उत्तर येतं?" काकांनी विचारलं.

"कुठून येणार?"

"राग नाही येत?"

"येतो. परत आलो की तेही सांगतो."

काकांनी श्रवणयंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. मग विचारलं, "तुमच्याकडे भांडणानंतर आधी कोण बोलायचं?"

"तीच."

"आमच्याकडेही."

"दोघींनी आपल्याला बिघडवलं," बाबा म्हणाले.

मी चहा दोनदा केला, तो दोन्ही वेळा तसाच राहिला.

ईस्टर जवळ आला होता. पुनरुत्थानाच्या सकाळी काकांच्या चर्चची उपासना कबरस्तानात असते. उजाडायच्या सुमाराला सगळी कुटुंबं फुलं आणि मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांपाशी उभी राहतात. काकांनी बाबांना बोलावलं.

"मी प्रार्थना करणार नाही," बाबा म्हणाले.

"मीही करत नाही. या."

आम्ही तिघं काकूंच्या कबरीशी उभे होतो. काकांचा टाय परत आला होता. आजूबाजूला मेणबत्त्या लागल्या होत्या, कोणी बायका थर्मासमधून चहा घेऊन आल्या होत्या, गायकमंडळींनी पेटी एका जुन्या कट्ट्यावर ठेवली होती. गाणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, "आपण डोळे मिटू या," आणि सगळ्यांनी मिटले. आम्ही तिघांनी नाही. काका आणि बाबा एकमेकांकडे बघत होते. सगळ्या वर्गाने गृहपाठ केलाय आणि आपण दोघांनीच नाही, अशा चेहऱ्याने.

पाळकसाहेबांची प्रार्थना निम्म्यावर आली असेल. काका कबरीकडे वळले आणि बोलायला लागले. कमी ऐकू येणारी माणसं जितक्या मोठ्याने बोलतात तितक्या मोठ्याने.

"हे बघ. मी बोलतोय. सुरुवात मी केली, हे लक्षात असू दे."

पाळकसाहेब थांबले.

"तू आहेस की नाहीस, हे आता मला नक्की सांगता येत नाही. आधीच सांगून टाकतो, लपवाछपवी नको. पण असलास तर तुला ऐकावं लागेल, कारण मी इथून हलणार नाही. तू मिसेसना नेलंस तेव्हा मी तुझ्याशी बोलत होतो. हे बरं केलं नाहीस. मी ते विसरणार नाही आणि तूही विसरू नकोस." त्यांनी टाय सरळ केला. "त्या तुझ्याकडे असतील, तर त्यांना सांग, चूक माझी झाली. मी डोळे मिटायला नको होते. त्यांच्याकडे बघत राहायला हवं होतं."

सगळ्यांचे डोळे आतापर्यंत उघडले होते. कोणी हललं नाही. बाबांनी काकांच्या कोपराला हात लावला आणि तसाच ठेवला.

मला वाटलं, झालं. पण ते संपणारं नव्हतं. एवढ्या मोठ्या अबोल्यात साठलेलं सगळंच बाकी होतं. काका दुखऱ्या गुडघ्याच्या विषयावर आले, त्यावरून कोथरूडच्या रस्त्यांवर, तिथून मेट्रोच्या जिन्यावर, शेजारच्यांच्या कुत्र्यावर. वरच्या मजल्यावरची बाई चांगली आहे पण स्कूटर फार जोरात चालवते, हे त्यांनी सांगितलं. प्रवचनं लांबतात, हे सांगितलं. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. गायकमंडळीत वरचा सूर कोणाचा फाटतो, तेही नावानिशी सांगितलं, आणि गायकमंडळीतल्या दुसऱ्या एका बाईंनी शेजारणीकडे बघून, "बघा, मी म्हणत नव्हते?" असा चेहरा केला. ऊन वर आलं. मेणबत्त्या वाकल्या. मागच्या बाजूला कोणीतरी थर्मास उघडला आणि चहाचे कागदी पेले माणसांमधून आवाज न करता फिरायला लागले.

कधीतरी काका दम घ्यायला थांबले. पाळकसाहेबांनी ती संधी साधली आणि हळूच म्हणाले, "आमेन."

"थांबा, पाळकसाहेब," काका म्हणाले. "माझं व्हायचंय अजून."

ते झालं तेव्हा निम्मी माणसं घरी गेली होती. आम्ही तिघं फाटकाकडे चालायला लागलो. काका दमले होते. बाबांनी त्यांना हात दिला होता आणि काकांनी तो घेतला होता. मग बाबांच्याने राहवेना.

"उत्तर आलं का काही?"

काका चालायचे थांबले. त्यांनी प्रश्नाचा नीट विचार केला.

"आज नाही," ते म्हणाले. "आज मी त्याला मध्ये बोलू कुठे दिलं?"